दाराशी येणारी गाडी

तापीबाईला एसटी लागते. शहाद्याच्या स्टँडवर चढतानाच ती लिंबू नाकाशी धरते, आणि प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल यायच्या आतच तिचा चेहरा असा होतो की कंडक्टर स्वतः उठून तिला खिडकी देतो. माहेर नंदुरबारच्या पलीकडे, रुळांच्या काठी. अशी मुलगी तापीपार द्यायला तिचा बाप मुळीच तयार नव्हता. तेव्हा नवरदेव रतिलालनेच छाती पुढे काढून सांगितलं, की शहाद्याकडे रेल्वेचा फाटा मंजूर झालाय, गाडी अगदी आमच्या दाराशी येईल. बाप भोळा, त्याने मुलगी देऊन टाकली.

नातवंडं झाली, गाडी काही आली नाही. मोजणी मात्र निवडणुकीगणिक येत राहिली, आधी साखळ्या घेऊन, मग तिपाईवरची दुर्बीण घेऊन. दर वेळी गावाने नारळ फोडले. एकाने 'स्टेशन टी हाउस' काढलं. ते अजून आहे, आणि त्याच्यासमोर एसटीसुद्धा थांबत नाही. गावकरीही काही कमी नव्हते. सुरुवातीला त्यांनी मोजणीच्या खुंट्या हळूच शेजाऱ्याच्या शेतात ढकलल्या. पुढे हायवेत गेलेल्या जमिनींचा मोबदला डोळ्यांनी पाहिला, तेव्हा त्याच खुंट्या आपापल्या बांधाच्या आत ओढायला लागले. कागदावर ती लाइन कशी दिसत असेल, देव जाणे. आणि प्रत्येक मोजणीनंतर तापीबाई भाकरी वाढताना विचारायची, "काय, उनी का गाडी?" रतिलाल पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा.

यंदा मोजणीवाले ड्रोन घेऊन आले, आणि लाल खुंट्यांची रांग थोरल्या जावेच्या, शोभाबाईच्या, परसातून गेली. शोभाबाई गावभर सांगत सुटली, की गाडी बघायला माझ्याकडे या. हे काही तापीबाईला सोसवेना. शोभाबाई दळण आणायला गेल्याचं पाहून तिने एक खुंटी उपटली, पदराखाली घेतली आणि आपल्या ओट्यासमोर ठोकली.

रतिलालने ती पाहिली. केळीच्या पिकावर पै-पै जोडून बांधलेलं घर, लाइन इथून गेली तर ओट्यासकट जाणार. तो खूप बोलला. ती एवढंच म्हणाली, की माहेरी भाऊ अंथरुणाला खिळलाय, आणि त्याला भेटायला जाण्याएवढी एसटी आता माझ्याने सोसवत नाही. त्या दिवशी दोघंही धड जेवली नाहीत.

सकाळी उठून पाहते तर खुंटी जागेवर, पण रतिलाल घरात नाही. थोड्या वेळाने तो आला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात हातोडा. याने काहीतरी उपटून टाकलं असणार, म्हणून ती पदर खोचून भांडायलाच उभी राहिली. त्याने हातोडा खाली ठेवला.

"एक खुंटी सरकाडीसन काय व्हस? गाडी काय बकरी शे का, उडी मारीसन तुन्हा दारशी येवाले? मी मांगल्या-पुढल्या खुंट्या बी रांगमा ठोकी उनू."

तापीबाईने खोचलेला पदर सोडला. तिने मागे वळून घराकडे पाहिलं आणि विचारलं, "अन् घर?"

"तुन्हा बापले मी गाडी सांगेल व्हती," रतिलाल म्हणाला, "घर नही."