आंघोळ करून येऊ नका

अन्याय झाला तो शिरोलीच्या फौंड्रीत काम करणाऱ्या माझ्या मित्रावर, इरफानवर. आणि झाला गेल्या बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, दिवशी संध्याकाळी, औषधाच्या दुकानात. कमरेला गजकर्ण, त्यात भट्टीचा घाम. दुकानदारानं चिठ्ठी न मागताच एक ट्यूब पुढं सरकवली. आत बुरशीचं औषध आणि सोबत स्टेरॉइड. खाज थांबली, बुरशी मात्र कमरेवरून पाठीवर, पाठीवरून मानेवर निवांत पसरली. घरात नुकतीच जन्मलेली मुलगी. आपलं तिला लागेल म्हणून हा बाप तिला उचलेना, दारात उभा राहून नुसता बघायचा. मी संतापून पत्रक लिहायला बसलो, तर आमच्या गल्लीतल्या बुरशीवाल्या बाई आडव्या आल्या.

बुरशीवर एवढा जीव लावणारं आणि तिच्याशी एवढं वैर धरणारं दुसरं माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांना सापडणार नाही. बाई आणि त्यांचे तीन तरुण सहकारी प्रयोगशाळेत एकच शोधत असतात : माणसाला होणारी बुरशी औषधांना जुमानेनाशी का झाली? लग्नात लोक नवरीचे दागिने बघतात, बाई वाढप्यांची नखं बघतात. नृसिंहवाडीच्या रांगेत पुढच्या अनवाणी माणसाला म्हणाल्या, “पावणं, बोटांच्या बेचक्यात खाजतंय न्हवं?” तो देवाआधी बाईंच्याच पाया पडला. पेशंटचं नाव उघड व्हायला नको म्हणून त्या काचेच्या बशीत वाढवलेल्या बुरशीला गावाचं नाव देतात. त्यामुळं तिथं सकाळी “बिद्री कशी हाय?” असं कुणी विचारलं, की “पांढरी फेक झालीय, लय गुणाची,” असं उत्तर येतं.

तर इरफानला मी बाईंकडं घेऊन गेलो. मोठ्या मॅडमसमोर जायचं म्हणून गडी साबणानं घासूनपुसून, क्रीम चोपडून, वर पावडर मारून आलेला. बाई कडाडल्या, “कुणी सांगितलंतं आंघोळ करायला?”

“मॅडम, तुमच्यासमोर तसंच कसं यायचं?”

“माझ्याकडं कोण बघायला आलंय! मला जी पायजे तिलाच धुऊन आलास की! जा. ती ट्यूब बंद. पंधरा दिवसांनी ये, आणि त्या दिवशी आंघोळ करून आलास तर दारातनं परत पाठवीन.”

ट्यूब बंद केल्यावर खाज अशी उसळली की इरफान भिंतीला पाठ घासायचा. पण टिकला. मग बाईंनी हलक्या हातानं त्याची कातडी काळ्या कागदावर खरवडली. पिठाच्या चिमटीएवढा भुगा. बशीवर नाव पडलं, शिरोली. मी रोज जाऊन विचारायचो, “पत्रक कधी छापू?”

“तुझ्या छापखान्याची घाई तिला न्हाय,” बाई म्हणायच्या. “कशानं मरतीया ते आधी कळू दे. नुसती बोंब मारून इरफानची पाठ बरी होणाराय?”

काही आठवड्यांनी शिरोली उगवली. मग तिला एका ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत, दर ओळीला वेगळं औषध आणि दर खळग्यात ते वाढवत, सोडलं. निकालाच्या दिवशी सगळे त्या ताटलीभोवती वाकले. ट्यूबमधलं ते औषध शेवटच्या खळग्यात सगळ्यात कडक होतं, आणि तिथंही पांढरा कापूस आरामात फुललेला. टीममधली धाकटी पोरगी पुटपुटली, “मॅडम, शिरोली सगळं पचवून बसली की.” कुठल्याच मोर्चात मी कुणापुढं वाकलो नव्हतो, तो तिथं त्या कापसापुढं वाकलो. डोळ्यांना धड न दिसणारा तो जीव, आणि आम्ही सगळे त्याच्यापुढं एवढेसे! मग बाईंनी दुसऱ्या औषधाच्या ओळीवर बोट ठेवलं. खळगे पाण्यासारखे स्वच्छ. “हितं मेली,” त्या हळूच म्हणाल्या. जणू कुणी ओळखीचं गेलं.

अहवाल त्वचेच्या डॉक्टरांकडं गेला, गोळ्या बदलल्या. दिवाळीच्या सुमारास इरफान पेढे घेऊन आला, कडेवर लेक. बाईंनी आधी पोरीचे कोपर, मान, बोटं तपासली. मग म्हणाल्या, “आंघोळ करून आलास व्हय? आज चालतंय.” पोरीनं बाईंचा चष्मा ओढला, आणि त्यांनी तो बराच वेळ ओढू दिला.

शिरोली अजून त्यांच्या फ्रीजरमध्ये जिवंत आहे. बाहेरही आहे, कुणाकुणाच्या कमरेवर. म्हणून हे माझं पत्रक, बाईंनी वाचून पास केलेलं. आता उठा, घरातली ती अर्धी पिळलेली ट्यूब शोधा, डॉक्टरसमोर नेऊन ठेवा आणि विचारा, यात काय आहे? त्याआधी कुणाच्याही अंगाला ती लावू नका.