पाळकसाहेबांचे दोन फोन

चर्चच्या मंडळीत कुणाच्याही घरी काही झालं की पहिला निरोप पाळकसाहेबांना. बाळ जन्मलं, जावई रुसला, पोरगी परीक्षेला निघाली, की साहेबांनी स्कूटरला किक मारलीच. एकदा तर त्यांनी बंद पडलेल्या पाण्याच्या पंपासाठी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली आणि आमेन झाल्यावर मेकॅनिकलाही बोलवा, असं हळूच सुचवलं.

साहेबांच्या घरी काही झालं तर निरोप कुणाला जायचा, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. साहेबांनी तर मुळीच नाही. त्यांची दीक्षा झाली त्या दिवशी एका थोरल्या पाळकांनी त्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं, "सगळ्यांचा हो. पण कुणा एकाच्या घरी जास्त बसू नकोस, बाकीचे रुसतात." साहेबांनी ते इतकं मनावर घेतलं की एका घरी बिस्किट जास्त खाल्लं गेलं, तर पुढच्या घरी भूक नसतानाही तेवढीच बिस्किटं खात. पोट सुटलं. मित्र एकही झाला नाही.

"रविवारी अख्ख्या मंडळीशी हात मिळवता," पाळकीणबाई म्हणायच्या, "आणि सोमवारी पत्ते खेळायला माणूस नाही. बसते आपली मीच. वर हरलात की तोंड एवढंसं!"

साहेब हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण घरात एक माणूस होतं आणि ते पुरत होतं.

मग ते माणूसच आजारी पडलं. दवाखान्यातल्या खाटेवर बाईंनी एका दुपारी विषय काढला.

"अहो, माझ्या वेळी तुम्ही पुस्तक घेऊन समोर उभं राहायचं नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"उभे राहिलात की तुमचा आवाज बदलतो. सगळ्यांना ज्या आवाजात पोहोचवता, त्याच आवाजात मलाही पोहोचवाल. मला नाही चालायचं. लोकांत बसा आणि चारचौघांच्या नवऱ्यासारखे रडा."

"मग विधी कोण करणार?"

"ढोलभाऊजींना बोलवा. वचन द्या."

ढोल म्हणजे साहेबांचा धर्मविद्यालयातला खोलीसोबती. तो कुजबुजला तरी शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर द्यायचा, म्हणून ढोल. साहेबांना तो कासव म्हणायचा. दोघांनी एका कंदिलाखाली अभ्यास केला होता आणि एकाच मुलीला घाबरले होते. तिच्याशी पुढे साहेबांचं लग्न झालं. ढोल आता चार-पाच तासांवरच्या एका मंडळीचा पाळक होता. बदल्या होत गेल्या, कामं वाढली आणि दोस्ती वर्षाकाठी एका छापील शुभेच्छापत्रावर येऊन टेकली.

साहेबांनी वचन दिलं.

बाई गेल्या त्या दिवशी दुपारी त्यांनी फोन लावला. पलीकडून गडगडाट झाला.

"कोण? कासव? अरे मेल्या, जिवंत आहेस? मला वाटलं, कवचात शिरलास तो तिकडेच वाढदिवस साजरे करतोयस!"

साहेबांनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्यांनी फोन उचलून दुसऱ्याचं ऐकलं होतं. स्वतःची गोष्ट कुठून सुरू करतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"तू कसा आहेस?" ते म्हणाले.

"कसला कसा! गुडघा गेलाय रे. जिना चढताना पाठ असलेली सगळी स्तोत्रं आठवतात."

"काळजी घे," साहेब म्हणाले, आणि पुढे काय झालं ते त्यांनाही कळलं नाही. तोच तो सवयीचा आवाज वर आला. "आपण प्रार्थना करू या?"

त्यांनी ढोलच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. सुंदर केली. ढोलला बरं वाटलं. "वहिनींना नमस्कार सांग," म्हणून त्याने फोन ठेवला.

साहेबांनी पुन्हा नंबर लावायला बोट उचललं. तेवढ्यात मंडळीचे पंच आत आले. शेजारच्या पाळकांना विचारायचं का, असं ते बिचारे चाचरत म्हणाले. परक्याने बाईंना पोहोचवायचं? साहेबांनी मान हलवली. "नको. मीच करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच केलं. एकही ओळ अडखळली नाही. कबरीवर माती पडत असताना बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि साहेब त्यांना धीर देत होते. "केवढा विश्वास! माणूस नव्हे, खडक आहे," लोक एकमेकांना सांगत होते. खडकाच्या खांद्यावर हात ठेवावा, असं कुणाला वाटणार?

संध्याकाळी सगळे पांगले. बायकांनी स्वयंपाकघर इतकं नीट आवरून ठेवलं होतं की साहेबांना चहाचा डबा सापडेना. त्यांनी सगळी फडताळं उघडून पाहिली. मग तशीच उघडी टाकली आणि फोन लावला.

"आता काय रे? कोपरासाठी प्रार्थना?" ढोल हसत म्हणाला.

"ती गेली."

"कुठे गेली?" असं म्हणता म्हणताच ढोलचा आवाज उतरला. "कधी?"

"काल सकाळी. आज पोहोचवून आलो."

"काल... अरे, काल तू माझ्या गुडघ्यासाठी..."

"हो."

"गाढवा," ढोल म्हणाला. हा शब्द तो एवढ्या हळू कधी म्हणाला नव्हता. "विधी कुणी केला?"

"मी. तिने सांगितलं होतं, ढोलभाऊजींना बोलवा म्हणून. मी तिला वचन दिलं होतं."

देवाची इच्छा, ती आता चांगल्या ठिकाणी आहे, ती तुला क्षमा करेल: पाळक जे जे म्हणतात ते सगळं ढोललाही पाठ होतं. त्यातलं तो काहीच बोलला नाही. 

"मोडलंस रे तू ते वचन," तो म्हणाला. मग त्याने जोरात नाक शिंकरलं.

"मोडलं," साहेब म्हणाले. ढोलला धीर द्यायला ते काहीतरी बोलू पाहत होते, सवयच होती. पण तो आवाज या वेळी वर आलाच नाही. उघड्या फडताळांपुढे खाली बसून, फोन कानाला धरून, ते चारचौघांच्या नवऱ्यासारखे रडायला लागले. एक दिवस उशिरा.