कडीमास्तरांनी उघडं ठेवलेलं दार

कडीमास्तरांच्या घरात एखादं दार उघडं सापडेल तर शपथ. स्वयंपाकघरातून बाहेर आले, मागे दार बंद. न्हाणीघरातून आले, दार बंद. बायको बिचारी दोन्ही हातांत भांडी घेऊन दारामागे उभी आणि ओरडतेय, "अहो, घर आहे हे, जहाज नाही!" पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

ही खोड लागली नौदलात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी या गृहस्थांनी घाईघाईत एका लोखंडी दाराच्या सहा कड्यांपैकी दोनच लावल्या. वादळात पाणी आत घुसलं आणि कोठी सांभाळणारा मित्र पाव तास गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. तो वाचला, पुढे मास्तरांच्या लग्नात पोटभर जेवलासुद्धा. मास्तर मात्र बदलले ते बदललेच. दार दिसलं की लावायचं, सहाही कड्या ठोकायच्या, वर हाताने चाचपून बघायच्या. तीस वर्षं, एकाच युद्धनौकेवर. नाव पडलं ते असं.

पुढे दोघंही निवृत्त झाले, मास्तर आणि नौका. मास्तर तिला 'म्हातारी' म्हणत. स्वतः तिच्याहून चांगले वीस वर्षांनी मोठे, पण ते कोण सांगणार? अशा म्हाताऱ्या बहुतेक भंगारात जातात, तुकड्यातुकड्यांनी. काहींवर तोफांचा सराव होतो. हिचं नशीब त्यातल्या त्यात बरं. तिला समुद्राच्या तळाशी नीट बसवायचं, म्हणजे मासळीला घर होईल, असं ठरलं होतं. त्याआधी तिला आतून स्वच्छ करायला कुणीतरी जाणकार हवा, म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. दोन महिने त्यांनी तेल उपसलं, वायरी ओढून काढल्या, रंग खरवडला. तिच्या अंगाला भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मात्र ते लांब जाऊन उभे राहिले. जन्मभर जिथली गळती बुजवली तिथे भोक पाडणं त्यांच्याच्याने होईना.

कामावरच्या इंजिनिअरबाई कडक होत्या. "काका, दारं सगळी काढायची. एक जरी बंद राहिलं तर आत हवा अडकेल आणि नौका आडवी पडेल. मग मासळीला घर नाही की हिला धड विसावा नाही."

सगळी दारं निघाली. इंजिनघराचं तेवढं बिजागऱ्यांतून निघेना. बुडवायच्या दिवशी ते उघडं ठेवून तारेने बांधायचं काम बाईंनी मास्तरांवर सोपवलं.

त्या सकाळी मास्तर खिशात तार घेऊन शेवटचं एकदा आत फिरून आले. भिंतींवरून हात फिरवला, डोळे भरून आले, नीटसं दिसेनासं झालं. मग सगळे छोट्या बोटीत बसून दूर झाले. अर्ध्या तासाने सुरुंग उडणार होते. मास्तरांनी डोळे पुसायला रुमाल काढायचा म्हणून खिशात हात घातला आणि हाताला लागली तार.

दार बांधलंच नव्हतं. हातांनी जन्माच्या सवयीने आपलं काम चोख केलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? आणि बोललं तर बोटीत आलेली नौदलातली जुनी मंडळी मरेपर्यंत चिडवणार. पण म्हातारी कुशीवर पडलेली त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"बाई, थांबवा. दार मी लावून आलोय."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत.

"किती कड्या?"

"सहाही."

"मग चला परत. त्या उघडायला तुम्हीच हवेत."

बाईंनी सुरुंग थांबवले, पुन्हा सगळं तपासून घेतलं आणि मास्तरांबरोबर स्वतः आत गेल्या. मास्तरांनी सहाही कड्या काढल्या, दार मागे ढकललं, तारेचे पाच वेढे दिले. मग दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. त्यांचा आता आपल्या हातांवर भरवसा राहिला नव्हता.

"येतो गं," ते म्हणाले. "दार उघडं ठेवलंय."

म्हातारी सावकाश, सरळ बसत खाली गेली. मास्तर सगळ्यांसमोर रडले, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

चार महिन्यांनी बाई पाणबुड्याने काढलेला फोटो घेऊन मास्तरांच्या घरी आल्या. इंजिनघराच्या दारातून माशांचा थवा आत निघाला होता. मास्तरांनी मासे पाहिलेच नाहीत. चष्मा पुसून त्यांनी तारेचे वेढे मोजले. पाचही जागच्या जागी होते. फोटो घेऊन ते आत बायकोला दाखवून आले आणि पुन्हा बाईंसमोर येऊन बसले.

थोड्या वेळाने बायको दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थबकली. दार उघडं होतं. तिने कप खाली ठेवले आणि घाबरून नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, ताप आलाय का तुम्हाला?"