दोरी बांधलेला चष्मा

माझ्या धाकट्या भावाने, विनायकने, मला आणि आईला एकाच वेळी फसवलं. झाशीत मागे राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही हे वाचावं.

मी अंदमानला निघालो तेव्हा स्टेशनवर सामान त्यानेच चढवलं. "पोहता येत नाही आणि दादाजी चले समंदर में!" म्हणून खिदळला. आई हसली नाही. खिडकीच्या गजांतून म्हणाली, "जम बसला की मला समुद्र दाखव."

जम बसला. पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या वाहणारा हमाल होतो, आज दोन बोटींचा मालक आहे. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन शार्क दाखवतो. "चावतात का?" विचारतात. "चावणारे झाशीत सोडून आलोय," मी सांगतो.

शार्कच्या मागे लागलं की फक्त शेपूट दिसते. वाळूवर गुडघे टेकायचे, श्वास हळू सोडायचा. मग प्रवाळाच्या कपारीतून तो करडा देह आपणच वळून येतो, अगदी हाताशी. मला हे शिकावं लागलं नाही. झाशीच्या बड्या बाजारात मी भाव असाच करायचो. एकदा विचारायचं, पाठ फिरवायची, दुकानदार हाक मारतोच.

आईसाठी मी काचेच्या तळाची बोट घेतली. तिला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून 'समुद्र बघायला ये' हा निरोप विनायककडे दिला. "नको म्हणते. पाण्याला भिते," तो म्हणाला. माझं डोकं फिरलं. पुन्हा विचारलं नाही, तिच्या हाकेची वाट पाहत बसलो. मी दुसऱ्यांदा विचारत नाही, हे विनायकला पक्कं ठाऊक होतं.

आईच्या तेराव्याला, झाशीतल्या खंडेराव गेटच्या घरी, शेजारच्या चाचीने मला गाठलं. "भैया, अम्मा तो झोला बाँधे बैठी थीं. तुमने ही मना कर दिया."

मी विनायककडे वळलो. "माझ्या नावावर तिला काय सांगितलंस?" मान खाली न घालता तो म्हणाला, "तिला नेलं असतंस तर इथला स्वयंपाक, पोरांचे डबे कोणी केले असते?"

झोल्यात तिचा चष्मा होता. समुद्रात पडू नये म्हणून काड्यांना दोरी बांधलेली. तेवढाच मी उचलून आणला. आता घर म्हणजे तो चष्मा, बोटीत माझ्यासमोर टांगलेला. झाशीत माझं काही नाही.

विनायक, ती झोला बांधून बसली असताना माझ्या नावावर तू तिला नेमकं काय सांगितलंस? तेव्हा तू टाळलंस. आज मी दुसऱ्यांदा विचारतोय, सगळ्यांदेखत. उत्तर दे.