लकी ड्रॉमधला आमचा नंबर

आमच्याकडे फोन बसला त्या दिवशी नवऱ्यानं बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. अर्ज करून इतका काळ लोटला होता की मधल्या काळात आमची मुलगी जन्मली, चालायला लागली आणि शाळेतही जायला लागली. लाइनमन वायर ओढून गेला, तेव्हा मी रिसीव्हर उचलून नुसती डायल टोन ऐकली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तरी नवीन पनवेलमधल्या आमच्या जिन्यात तो पहिलाच फोन. त्यामुळे तो एकट्या आमचा कधी नव्हताच. वरच्या मजल्यावरच्यांचे नातेवाईक त्याच्यावर फोन करत आणि तळमजल्यावरच्या मावशींचा मुलगाही करी.

मावशी मूळच्या इथल्याच, उरणकडच्या गावातल्या. जमीन गेली, पैसे आले, त्यातून हा तळमजल्याचा ब्लॉक घेतलेला. मुलगा न्हावा शेवा बंदरातून ट्रेलर घेऊन लांबलांब जायचा. वाटेत कुठल्यातरी बूथवरून तो फोन करी. मी गॅलरीतून हाक मारली की मावशी लुगड्याचा ओचा सावरत वर येत आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "जेवलास का? कुटं हायेस?"

हे सगळं मला आवडायचं. त्रास सुरू झाला तो दुसऱ्याच फोनांचा.

नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. थर्ड शिफ्ट असली की सकाळी कंपनीची बस त्याला कोपऱ्यावर सोडायची. कपड्यांना तो वास असायचा, कितीही धुतले तरी न जाणारा. अंघोळ, दोन पोळ्या, आणि मग जाड पडदे ओढून झोप. मी सकाळच्या शाळेत शिकवत होते, दुपारी परत यायचे. शेजारीपाजारी शिफ्टवालेच असल्यामुळे आमच्या जिन्यात दुपारी कुणी मोठ्यानं बोलत नसे. फक्त फोन वाजायचा.

"काँग्रॅच्युलेशन्स मॅडम! आपका नंबर हमारे लकी ड्रॉ में सिलेक्ट हुआ है."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरोखर खूश झाले, हे कबूल करायला हरकत नाही. आवाज गोड होता, तरुण मुलीचा. मी मराठीत बोलतेय म्हटल्यावर तीही मराठीत आली. वाशीच्या एका हॉटेलात यायचं, नवरा-बायको दोघांनी मिळून, थोडा वेळ हॉलिडे क्लबची माहिती ऐकायची आणि भेटवस्तू घेऊन घरी जायचं. विकत काही घ्यायची सक्ती नाही. मी म्हटलं, आम्हाला क्लब नको. ती म्हणाली, "नो प्रॉब्लेम मॅडम, मग कधी करू फोन?"

मी म्हटलं, करूच नका. तिनं थँक्यू म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीनं फोन केला.

त्यानंतर ते चालूच राहिलं. मी शाळेत असताना फोन वाजला की नवरा धडपडत उठायचा, कारण कंपनीतून बोलावणं असू शकतं, माझ्या आईची तब्येत महाडला बिघडलेली असू शकते, मावशींचा मुलगा असू शकतो. डोळे न उघडता तो भिंतीला धरत हॉलमध्ये यायचा आणि पलीकडून अभिनंदन व्हायचं. मी घरी असले तर पहिल्याच घंटेला झडप घालायचे. जेवताना हात खरकटा असला तरी डावा हात फोनकडे तयार. पण ती पहिली घंटाच त्याला पुरेशी असायची. आतून पलंग करकरला की मला कळायचं, संपली झोप.

मी सगळे प्रकार करून पाहिले. समजावून सांगितलं. "माझे मिस्टर रात्रपाळी करून झोपलेले असतात हो." "सॉरी मॅडम. मग सर उठल्यावर कॉल करते." रागावले. "आमचा नंबर काढून टाका." "मॅडम, तो सिस्टीममध्ये आहे, आमच्या हातात नसतं." वरिष्ठांना द्या म्हटलं तर जो माणूस यायचा, तो पुन्हा पहिल्यापासून क्लबची माहितीच सांगायला लागायचा. नंबर दिला कुणी, हे विचारलं की प्रत्येकीचं एकच उत्तर, लकी ड्रॉ. एकदा एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओरडू नका ना, मलाही नोकरी करायची आहे." तिच्यावर चिडायची सोयही तिनं काढून घेतली.

फोनवर उशी ठेवली, फोन स्वयंपाकघरात नेऊन टॉवेलात गुंडाळला. शेवटी एका सकाळी कामावरून आल्या आल्याच नवऱ्यानं वैतागून रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि ढाराढूर झोपला. मी त्या दिवशी शाळेच्या मीटिंगमुळे उशिरा आले. जिन्यात मावशी पायरीवर बसलेल्या. चेहरा उतरलेला.

"पोराचा फोन आला का गो?"

त्यांचा मुलगा सकाळी फोन करणार होता. गोव्याकडे गेला होता आणि त्याच वाटेवर पळस्प्याला ट्रेलर उलटल्याचं कुणीतरी त्यांना दुकानात सांगितलं होतं. मावशींनी दोनदा वर येऊन दार वाजवलं, पण आत नवरा गाढ झोपलेला. त्यांनी वाण्याच्या बूथवरून आमचा नंबर लावून पाहिला, तर एंगेज. आपलाच फोन एंगेज लागतोय म्हणजे मुलगा बोलतोय आणि इकडे कुणीतरी ऐकतंय, असं समजून त्या थोडा वेळ थांबल्या. मग पुन्हा एंगेज. असं करत दुपार गेली.

मी वर धावले, रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवल्यावर जरा वेळानं घंटा वाजली. मुलगाच होता. त्याचा ट्रेलर धडधाकट होता, तो स्वतः चिपळूणजवळ जेवायला थांबला होता आणि सकाळपासून फोन लावून लावून वैतागला होता. मावशी त्याच्याशी नीट बोलूही शकल्या नाहीत. नुसत्या "हाय ना तू? हाय ना?" असं विचारत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"येवढा का बंद ठेवला?"

मी सगळं सांगितलं. नवराही उठून दारात उभा होता, शरमलेला. मावशी फोनकडे बघत म्हणाल्या, "त्या बायेचा फोन आला का मना बोलव."

त्यानंतर आम्ही रिसीव्हर कधी काढला नाही. झोप मात्र नवऱ्याला मिळेना. त्याचे डोळे कायम लाल. जेवताना घास हातात धरून बसायचा. एका सकाळी तो बसमधून उतरला तो सरळ घरात येऊन खुर्चीवर बसून राहिला, बूटही काढले नाहीत. मी शाळेला निघाले होते.

"काय झालं?"

"काही नाही. जा तू."

संध्याकाळी त्यानं सांगितलं. रात्री पॅनेलसमोर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला होता. रिॲक्टरचं तापमान चढत गेलं, अलार्म वाजला, तरी त्याला जाग आली नाही. शेजारच्या सेक्शनमधल्या माणसानं धावत येऊन कूलिंगचं पाणी सोडलं. काही झालं नाही. शिफ्ट इनचार्जनं त्याला केबिनमध्ये बोलावून मेमो दिला. इतक्या वर्षांत पहिला.

"अलार्म कसा ऐकू आला नाही?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आला होता ऐकू. मला वाटलं, फोन वाजतोय. म्हटलं, जाऊ दे, तू घेशील."

त्या रात्री मला राग आवरेना. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी त्या मुलीचं बोलणं मध्येच तोडलं. "येतो आम्ही. रविवारी येतो. कुठे यायचं सांगा."

वाशीच्या त्या हॉटेलात मोठ्यानं गाणी लावलेली. गोल टेबलांभोवती आमच्यासारखीच जोडपी बसलेली, बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. कुणी सभासद झालं की एक माणूस घंटा वाजवायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाय लावलेला एक तरुण आमच्या टेबलावर आला आणि समुद्रकिनाऱ्यांचे फोटो पसरून बोलायला लागला. नवरा मऊ सोफ्यावर टेकला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. एवढ्या गोंगाटात तो झोपू शकतो आणि घरच्या एका घंटेला उठतो, हे बघून मला रडू यायला लागलं.

"सर थकलेले दिसतात. मॅडम, अशाच लोकांना हॉलिडेची खरी गरज असते," तरुण म्हणाला.

"आम्हाला हॉलिडे नको, गिफ्ट नको," मी म्हटलं. "फक्त आमचा नंबर काढून टाका. त्यासाठी आलोय."

तो हसला. आधी माहिती ऐकावी लागेल म्हणाला. मी ऐकली. सगळी, शेवटपर्यंत. मग त्यानं पेन पुढे केलं आणि ओळखीच्या पाच जोडप्यांची नावं आणि फोन नंबर मागितले. ते दिले की भेटवस्तू मिळणार.

"म्हणजे आमचा नंबरही असाच कुणीतरी दिला?"

"ऑफकोर्स मॅडम. लकी ड्रॉ असं फक्त म्हणायचं असतं."

मला त्याच क्षणी ठाण्याच्या नणंदेचं स्वयंपाकघर आठवलं. दिवाळीत गेलो होतो तेव्हा ओट्यावर कॅसरोलचा नवा कोरा सेट होता. "बक्षीस मिळालं," असं ती म्हणाली होती. आणि इथे, हॉटेलच्या हॉलच्या दाराजवळ, भिंतीला लावून, तसल्याच सेटची खोकी रचलेली होती.

मी उभी राहिले. एरवी चाळीस मुलांच्या वर्गात वापरते तो आवाज काढून शेजारच्या टेबलांना सांगितलं, "हे लोक शेवटी पाच नंबर मागतात. देऊ नका. ज्यांचे द्याल त्यांची झोप उडेल." गाणी चालूच होती, पण दोन-तीन बायकांनी माना वळवल्या. एकीनं नवऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. मग एक सुटातला माणूस लगबगीनं आला, "बाहेर बोलू या मॅडम," म्हणाला, आणि दाराशी माझ्यासमोर कागदावरचा आमचा नंबर लाल पेनानं खोडला. गोंधळानं जागा होऊन मागोमाग आलेल्या नवऱ्याच्या हातात त्यानं एक खोकंही कोंबलं. मी ते काढून खुर्चीवर ठेवलं.

घरी आल्यावर पहिला फोन मी नणंदेला लावला.

"अगं, मला वाटलं तुम्हालाही सेट मिळेल. चांगल्यासाठीच दिला मी," ती म्हणाली. मी मेमोचं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं काय गं, कुणाचेही पाच नंबर दिले असतेस तर सुटली असतीस." त्यावर मी जे बोलले ते तिला लागलं. पुढे बराच काळ आम्ही एकमेकींकडे फक्त हळदीकुंकवापुरत्या गेलो.

सोमवारी दुपारी फोन वाजला. नवरा आत झोपला होता.

"मॅडम, तुम्ही आमच्या प्रेझेंटेशनला आला होतात. एक्सपिरियन्स कसा वाटला?"

मी तिला थांबायला सांगितलं आणि गॅलरीतून मावशींना हाक मारली. त्या चढून आल्या, धाप लागलेली, आणि रिसीव्हर हातात घेतला.

"कोन तू? कुटून बोलतंस? ... क्लब? कसला क्लब? आयक पोरी. हितं एक मानूस रातभर जागून काम करतो. तुजा बाप झोपला का त्याला कोनी उटवतो का? ... नाय, माहिती नको. मी बोलतंय ता आयक."

पलीकडची मुलगी बहुधा ऐकत होती, कारण मावशी पुष्कळ वेळ बोलत राहिल्या. जमिनीबद्दल बोलल्या, मुलाच्या ट्रेलरबद्दल बोलल्या, पळस्प्याच्या त्या दुपारबद्दल बोलल्या. शेवटी त्यांनी तिला विचारलं, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"नाय जेवली बोलली."

फोन त्यानंतरही आले. कमी झाले एवढंच. पुढे तो क्लबच बंद पडला असं कुणी सांगितलं. पण तोवर क्रेडिट कार्डवाले आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रवाले सुरू झाले होते. नवऱ्यानं साहेबांच्या मागे लागून जनरल शिफ्ट मागून घेतली. रात्रपाळीचा भत्ता गेला आणि घर चालवताना तो मला बराच काळ जाणवत राहिला. दिवसा घरी कुणी नसताना फोन किती वाजायचा, ते मला माहीत नाही. जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

मग मावशींच्या मुलानं त्यांच्यासाठी वेगळा फोन घेतला. लाल रंगाचा. मी खाली जाऊन त्याला हळदकुंकू लावलं. थोड्याच दिवसांत एका दुपारी मावशी वर आल्या. आत यायला सांगितलं तरी दारातच उभ्या राहिल्या.

"काय झालं मावशी?"

"मना एक फोन आला. पोरगी बोलली, तुमचा नंबर लागलाय, बक्षीस हाय." त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "माजा नंबर तर नवा. पोराला ठाव हाय आनि तुला. तिला कोनी दिला गो?"

मी शपथ घेतली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायलाही तयार झाले. मावशी "बरं, बरं" म्हणाल्या, आत आल्या आणि मी केलेला चहा त्यांनी घेतला. पण कप खाली ठेवताना पुन्हा एकदा विचारलं, "नाय ना दिलास?"