साखरेच्या पाण्यात पेटलेला दिवा

मी लातूरची, त्यात रसायनशास्त्राची. म्हणजे तोरा दुप्पट. नायगावकडच्या एका शाळेत नोकरीसाठी नमुना पाठ द्यायचा होता. आधीच्या तीन शाळा 'कळवतो' म्हणून गप्प बसल्या होत्या. ही नोकरी मला हवीच होती.

पाठ सहसंयुज बंधाचा. दोन ग्लास, बॅटरी, तारा आणि छोटा एलईडी दिवा. घरी फिल्टरच्या पाण्यात दहादा करून पाहिलं होतं. वर्गातही मिठाच्या पाण्यात दिवा पेटला. "आता साखर," मी ऐटीत म्हणाले. "साखरेच्या रेणूतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि एकमेकांना घट्ट धरून असतात. विरघळली तरी रेणू अख्खाच राहतो. वीज वाहायला प्रभार असलेले सुटे कण लागतात, ते इथं नाहीत. म्हणून दिवा पेटणार नाही."

दिवा पेटला. मिणमिणता, पण पेटला.

वर्ग खदाखदा हसला. मागच्या बाकावर पाठ बघायला बसलेले संस्थेचे तिघे मात्र गंभीर. मी तारा पुसल्या, नव्या पाण्यात नवी साखर घातली. दिवा आपला पेटतोच! हीही नोकरी गेली, मनात पक्कं झालं. रडूच येणार होतं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, हे बोरचं पाणी हाय. लई खारं. डाळ बी शिजत न्हाई यात."

ग्लास मीच व्हरांड्यातल्या नळावर भरले होते. जारचं गोडं पाणी होतं तेवढं पाहुण्यांना, म्हणजे संस्थेच्या त्या तिघांना, दिलेलं. आमच्याकडे रीतच तशी.

"बरोबर!" मी जवळजवळ ओरडलेच. "या पाण्यात क्षार आधीच विरघळलेत, त्यांचे कण सुटे आहेत. दिवा त्यांनी पेटवला, साखरेनं नाही." पण सिद्ध कसं करायचं? जार तर रिकामा.

संस्थेचे वयस्कर सचिव उठले. तोंड न लावलेला आपला ग्लास त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घाला साखर, बाई."

घातली. ढवळली. तारा बुडवल्या. सगळा वर्ग टेबलाभोवती वाकलेला.

दिवा पेटला नाही.

पोरांनी बाकं बडवली. मीही टाळ्या पिटल्या, कुठे आहे याचं भानच नव्हतं. न पेटलेल्या दिव्यानं इतका आनंद मला कधी दिला नव्हता.

"आता मला ते नळाचंच पाणी द्या, घसा सुकून राहिलाय," सचिव म्हणाले. "आन् सोमवारी येताना एक जार घेऊन या."