जड स्टिअरिंग आणि धाकटी जाऊ

माझी धाकटी जाऊ लासलगावकडची. माहेरी कांद्याची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ती स्वतः मार्केटला न्यायची, त्यामुळे आमच्याकडे तिला गाडी शिकवायची वेळच आली नाही. मी मात्र रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते, छोट्या गाडीवर. मखमलाबाद रस्त्याला आमची फुलशेती होती आणि मी सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करायची. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. ह्यांनी पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदाराकडून सात माणसं बसतील अशी जुनी डिझेल एसयूव्ही घेतली, तेव्हा आता ही गाडी मीच चालवणार असं मी मनाशी धरून चालले होते.

पहिल्याच दिवशी अंगणात गाडी वळवायला गेले, तर स्टिअरिंग हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, सीटवरून अर्धी उठले, तरी गाडी सरळच गेली आणि गुलाबाच्या वाफ्याला टेकून थांबली. सासूबाई ओट्यावर शेवंती निवडत बसल्या होत्या. धाकटी ओढणी कमरेला बांधत आली. मी उतरले, ती बसली, आणि तिनं मागेपुढे करत गाडीचं तोंड रस्त्याकडे करून दिलं.

"हिच्या हातात ताकद आहे," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी गाडी सातपूरच्या गॅरेजमध्ये दाखवून आणली. पुढच्या टायरांत हवा कमी होती, ती भरली. मेकॅनिक म्हणाला, पॉवर स्टिअरिंग आहे, पण गाडी जुनी, टायर रुंद, थोडं जड राहणारच. ह्यांना ते पटलं. ते गाडी न्यायचे हायवेला, आणि वेगात असताना ती जड लागतच नव्हती. त्यामुळे घरात ठरून गेलं की गाडीत दोष नाही, माझे हात कमी पडतात.

मग गाडी तिचीच झाली. सीट तिच्या मापाला सरकवलेली, आरसा तिच्या डोळ्यांच्या उंचीला. पहाटेची फुलं बाजारात तीच न्यायची. पाहुण्यांना स्टँडवरून आणायचं असलं की हे मला फोन करून सांगायचे, "धाकटीला सांग, ती आणेल." मी कामाला बसनंच जायची. एकदा त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला आमची बस थांबली, तर शेजारीच आमची गाडी. तिनं मला पाहिलं, हॉर्न वाजवला, हसून हात केला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. सिग्नल सुटेपर्यंत मान वर केली नाही.

त्यानंतर मी तिच्यावर डोळा ठेवायला लागले. ती गाडी काढायला निघाली की गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं उभी राहायची. कधीतरी ती फाटकाच्या खांबाला घासेल, म्हणजे सगळ्यांना कळेल, असं मनात असायचं. ती घासली नाही. पण इतकं टक लावून बघितल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. गाडी जागेवर उभी असताना ती स्टिअरिंगला हातच लावत नव्हती. आधी रेस द्यायची, इंजिनाचा आवाज चढायचा, गाडी जराशी सरकायची आणि मग ती चाक फिरवायची. शेवटपर्यंत फिरवलं की पुढून एक घूंऽऽ असा कण्हल्यासारखा आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी ती मळ्यात असताना मी गाडीत जाऊन बसले आणि इंजिन चालू केलं. स्टिअरिंग दगडासारखं. पायानं रेस दिली, तसं सैल झालं. पाय उचलला, पुन्हा दगड. हात माझे कमजोर होते, तर ते पायानं कसे सुधारले?

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले की गॅरेजवाल्यानं बघितलंय ना. मग मी स्वतःच जायचं ठरवलं. पण तिथपर्यंत गाडी नेणार कोण? तिलाच सांगावं लागलं. ती काही न विचारता निघाली. नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा मी विषय काढला.

"रेस दिल्याशिवाय तू स्टिअरिंग फिरवत नाहीस."

"नायतर लय जड जातं, ताई."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पुढच्या टेम्पोला वाट दिली. "तुमच्याकडं नोकरी हाय," ती म्हणाली. "घरात काय ठरवायचं असलं की तुम्हाला विचारतात. मला या गाडीपायी तरी कुणी हाक मारतं. रात्री खांदा ठणकायचा, पण नाय बोलले."

मला तिची कणव यायला हवी होती. आली नाही. असं सरळ कबूल करता येतं, याचाच मला हेवा वाटला. मला तेवढंही जमलं नसतं.

गॅरेजमध्ये मी मेकॅनिकला स्टिअरिंग कधी जड लागतं आणि कधी हलकं, ते सांगितलं. त्यानं जॅक लावून पुढची चाकं उचलली आणि हातानं फिरवून बघितली. सहज फिरली, म्हणजे सांधे कुठं अडकलेले नव्हते. स्टिअरिंगचं ऑइल तळाला गेलं होतं. ते भरल्यावर कण्हणं कमी झालं, पण जडपणा तसाच. स्टिअरिंगला जोर देणाऱ्या पंपाचा पट्टा ताणून बघितला, फरक नाही. शेवटी त्यानं प्रेशरचं मीटर जोडलं. इंजिन हळू चालू असताना काटा जेमतेम हलायचा, रेस दिली की चढायचा.

"पंप झिजलाय," तो म्हणाला. "टायरचा दोष नव्हता."

पंप बदलल्यावर स्टिअरिंग एका हातानं फिरायला लागलं. घरी येताना गाडी मी चालवली. ती शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. अंगणात मी एका दमात गाडी वळवून लावली आणि ओट्याकडे बघितलं.

"आता काय," सासूबाई म्हणाल्या, "आता कुणीही चालवील."

आम्ही दोघी एकदमच उतरलो.

पुढे गाडीची वाटणी झाली. सकाळी फुलं तिच्याकडे, नंतर ऑफिसला माझ्याकडे. मला चांगली जमायला लागली, पण फुलबाजाराच्या सबंध गल्लीतून ती गाडी रिव्हर्सनं बाहेर काढायची, तसं मला कधी आलं नाही. काही वर्षांनी दीर-जाऊ वेगळे निघाले, पाथर्डी फाट्याकडे राहायला गेले. तिनं स्वतःची नवीकोरी गाडी घेतली आणि दाखवायला घेऊन आली. किल्ली माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, एक चक्कर मारून बघा."

मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं. मग खरंच चहा टाकला. बाहेर हे तिच्या गाडीत बसून सगळी बटणं विचारत होते, आणि ती एकेक समजावून सांगत होती.